कास्टेलोरिझो : घरं बेटावर, शेतं समोरच्या किनाऱ्यावर

स्वानकाठ
पर्थला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक ग्रीक आजी राहतात. सगळी गल्ली त्यांना 'याया' म्हणते, म्हणजे ग्रीकमध्ये आजीच. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा त्या ताटलीत काहीतरी झाकून घेऊन आल्या. मी सहज विचारलं, तुम्ही ग्रीसमधल्या कुठल्या? म्हणाल्या, "कास्टेलोरिझोची." मग जरा थांबून म्हणाल्या, "ग्रीस आमच्याकडे नंतर आलं. मी दहा वर्षांची होते तेव्हा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या रात्री नकाशा उघडून बसलो. ग्रीसच्या नकाशात शोधत राहिलात तर हे बेट सापडत नाही. तुर्कस्तानचा दक्षिण किनारा उघडायचा, काश नावाचं गाव शोधायचं, आणि तिथून समुद्रात जेमतेम दोन किलोमीटर पुढे बघायचं. नऊ चौरस किलोमीटरचा एक खडक. सर्वांत जवळचं मोठं ग्रीक बेट ऱ्होड्स, ते शंभराहून जास्त किलोमीटर लांब. गेली दोन वर्षं मिळेल ते वाचतोय, यायांना छळतोय, आणि आता इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बेटाचं जुनं नाव मेगिस्ती, म्हणजे 'सगळ्यांत मोठी'. एवढुशा बेटाला हे नाव कसं, असा प्रश्न पडतो. पण शेजारची रो आणि स्ट्राँगिली ही बेटं बघितली की पटतं, त्या घोळक्यात हेच थोरलं. समोरचा किनारा म्हणजे प्राचीन लिकिया. खडकात कोरलेल्या थडग्यांसाठी लिकिया प्रसिद्ध आहे. त्यातलं एक थडगं बेटावरही आहे, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं, बंदराच्या तोंडाशी, देवळासारखं दार असलेलं. नंतर ऱ्होड्सचं राज्य, मग रोम, मग बायझंटाइन. या सगळ्या काळात बेटाचं काम एकच, जहाजांना सुरक्षित बंदर देणं. त्या किनाऱ्यावर इतकं आडोशाचं बंदर क्वचितच मिळतं.

चौदाव्या शतकात ऱ्होड्सचे सेंट जॉनचे सरदार, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाचे लोक, आले आणि तांबूस खडकावर त्यांनी किल्ला बांधला. त्यावरून इटालियन नाव पडलं कास्तेल्लो रोस्सो, तांबडा किल्ला, आणि त्याचंच पुढे कास्टेलोरिझो झालं. १४४० मध्ये इजिप्तच्या सुलतानाने किल्ला पाडला. मग नेपल्सच्या राजाने घेतलं, सोळाव्या शतकात उस्मानी तुर्कांकडे गेलं, १६५९ मध्ये व्हेनिसवाले येऊन पुन्हा किल्ला उद्ध्वस्त करून गेले. हा भाग मी भराभर सांगतोय कारण मला खरं सांगायचंय ते पुढचं.

या बेटावर झरा नाही, नदी नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं, तेच वर्षभर पुरवायचं. शेतीलायक जमीन नावापुरती. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे सुमारे दहा हजार माणसं राहत कशी होती? समोरच्या किनाऱ्याच्या जिवावर. बेटावरच्या लोकांची शेतं, बागा, गुरं समोर अनातोलियात होती. काशला तेव्हा अँडिफली म्हणत, आजच्या काल्कानला कालामाकी. तिथे यांचीच वस्ती, यांचीच दुकानं. तिथल्या डोंगरातलं लाकूड आणि कोळसा यांच्या शिडाच्या जहाजांत भरायचा आणि अलेक्झांड्रियाला नेऊन विकायचा, येताना दुसरा माल आणायचा. बेट आणि किनारा दोन्ही एकाच सुलतानाचे, त्यामुळे मधलं पाणी म्हणजे घर आणि शेत यांच्यामधली वाट.

त्या पैशातून बंदराभोवती दोन-तीन मजली अरुंद घरं उभी राहिली, लाकडी सज्जे असलेली, एकाला एक चिकटून. १८३५ मध्ये संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांचं मोठं चर्च बांधलं, त्याचे ग्रॅनाइटचे खांब समोरच्या पटारा या प्राचीन शहराच्या अवशेषांतून बोटीने आणलेले. चर्चचे खांबसुद्धा समोरचे! बायकांचा सणाचा पोशाख मी फोटोत पाहिला, छातीवर सोन्याच्या गोल पदकांची रांग, वर जरीचा लांब कोट. यायांकडे त्यातलं एक पदक आहे. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा वजनाने मी चकित झालो. आईच्या पोशाखातली बाकीची एकेक करून धान्यासाठी गेली, म्हणाल्या.

आणि मग त्या दोन किलोमीटर पाण्यात सीमा आली. माझ्या मते बेट ओस पडलं ते तिच्यामुळे. बॉम्बही पडले, आगीही लागल्या, पण शेत एका देशात आणि घर दुसऱ्या देशात झालं की माणूस काय खाणार? पुढचं सविस्तर लिहितोच, आधी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

मीनल_ठा
फार सुंदर लिहिलंय. "ग्रीस आमच्याकडे नंतर आलं" वाचून अंगावर काटा आला. पण मला नीट कळलं नाही, उस्मानी राज्य गेल्यावर बेट थेट ग्रीसकडे का नाही गेलं? मध्ये इटलीचं राज्य होतं असं ऐकलंय, ती कुठून आली?

स्वानकाठ
मीनलताई, चांगलं विचारलंत, इथेच खरी गुंतागुंत आहे.

१९१२ मध्ये इटली आणि तुर्कांच्या युद्धात इटलीने ऱ्होड्ससकट आसपासची बेटं घेतली. कास्टेलोरिझो मात्र घेतलं नाही. बेटावरच्या लोकांनी ऱ्होड्सला इटालियन सेनापतीकडे जाऊन 'आम्हालाही घ्या' असं सांगितलं, त्याने नकार दिला. मग १४ मार्च १९१३ ला लोकांनी स्वतःच तुर्की अधिकाऱ्याला आणि शिपायांना कोंडलं आणि आपलं हंगामी सरकार जाहीर केलं. ग्रीसने सामोस बेटावरून एक राज्यपाल पाठवला. दोन वर्षांत लोकांनी त्यालाही हाकललं. डिसेंबर १९१५ मध्ये फ्रेंच नौदल उतरलं. महायुद्ध संपल्यावर १९२१ मध्ये फ्रेंचांनी बेट इटलीच्या हाती दिलं, आणि १९२३ च्या लोझानच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं.

दहा वर्षांत पाच सत्ता. यायांच्या आजीने हे सगळं एकाच घराच्या खिडकीतून पाहिलं.

आणि त्याच १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. अनातोलियातल्या ख्रिस्ती लोकांनी ग्रीसला जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानला. बेट इटलीकडे असल्यामुळे बेटावरची माणसं त्यातून सुटली. पण समोर अँडिफली, कालामाकीला जे चुलते, मेहुणे, गडी होते ते सगळे गेले. समोरचा किनारा दिसत राहिला, पण तिथे ओळखीचं कुणी उरलं नाही.

दर्यासारंग
मी तीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो. या बेटाजवळून रात्री गेलोय, डावीकडे अंधारात दिव्यांचा एक पुंजका, आणि चार्टवर बघितलं तर ग्रीस. तेव्हापासून कुतूहल होतं. धाग्याबद्दल मनापासून आभार.

एक भर घालतो. पहिल्या महायुद्धात या बंदरात एक ब्रिटिश जहाज बुडालं, बेन-माय-क्री. हे मूळचं आईल ऑफ मॅनचं प्रवासी जहाज, १९०८ मधलं. तिथल्या मँक्स भाषेत नावाचा अर्थ 'माझ्या हृदयीची स्त्री'. युद्धात त्यावर सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, ठेवायची सोय केली. ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीला याच जहाजाच्या विमानाने हवेतून टॉर्पेडो सोडून शत्रूच्या जहाजावर हल्ला केला, जगात पहिल्यांदा. एवढं नाव कमावलेलं जहाज जानेवारी १९१७ मध्ये कास्टेलोरिझोच्या बंदरात नांगरून उभं होतं. समोरच्या डोंगरात तुर्कांनी तोफा आणून लपवल्या होत्या. मारा सुरू झाला, विमानांच्या पेट्रोलने पेट घेतला, सुकाणूची यंत्रणा निकामी झाली, जहाज हलवताच येईना. खलाशी सगळे उतरून वाचले, ते एक बरं झालं.

बंदरात जहाज ठेवताना आम्ही वारा, लाटा, तळ बघतो. वाऱ्यापासून हे बंदर उत्तम आहे. पण समोरच्या डोंगरावरून ते तळहातासारखं उघडं आहे. जो समोरचा किनारा यांना खाऊ घालत होता, तोच शत्रूच्या हातात गेल्यावर काय होतं त्याचं हे उदाहरण.

जुनी_पानं
लेख आवडला, पण एका मुद्द्यावर असहमत. 'सीमेमुळे बेट ओस पडलं' हे पूर्ण खरं नाही. स्थलांतर त्याआधीच सुरू झालं होतं. १८९० च्या दशकातच इथली माणसं ऑस्ट्रेलियात पोचली होती, आणि काही इजिप्तमध्ये स्थायिक झाली. कारण वाफेची जहाजं. शिडाच्या जहाजांचा धंदा वाफेने संपवला, तो सीमा येण्याआधीच. शिवाय १९०८ नंतर उस्मानी साम्राज्यात ख्रिस्ती तरुणांनाही सक्तीची लष्करभरती लागू झाली, म्हणून कितीतरी मुलांना घरच्यांनी परदेशी पाठवलं. सीमा हा शेवटचा घाव असेल, पण झाड आधीच पोखरलं होतं.

स्वानकाठ
जुनी_पानं, तुमचं बरोबर आहे, मी तो भाग गाळला ते चुकलंच. पर्थमध्ये कास्टेलोरिझोकरांची संघटना १९१२ मध्येच उभी राहिली होती, म्हणजे सीमेच्या आधी. वाफेच्या जहाजांचा फटका नाकारता येणार नाही.

तरीही मी माझं म्हणणं पूर्ण सोडणार नाही. जहाजधंदा बसला तरी शेत होतं, गुरं होती, समोरच्या बाजारात दुकान होतं. तरुण मुलं गेली तरी म्हातारी माणसं, बायका, लेकरं बेटावर राहू शकत होती, आणि जाणारे परत येऊ शकत होते. समोरचं गेल्यावर परत येण्यासारखं काही उरलं नाही. १९२० च्या दशकात लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास आली होती. १९३४ मध्ये इटालियन सरकारने बाहेरून येणाऱ्या मालावरचे कर वाढवले तेव्हा बेटावर निदर्शनं झाली, आणि त्यात बायका पुढे होत्या. सगळं धान्य बोटीने येत असेल तर कर म्हणजे थेट ताटातल्या भाकरीवर हात. पन्नास वर्षांपूर्वी याच बेटाला धान्यासाठी बोटीत बसून फक्त समोर जायचं होतं.

अनुराधा७१
मी आणि नवरा मागच्या वर्षी काशहून बोटीने गेलो होतो. वीस-पंचवीस मिनिटांत दुसरा देश. (आपल्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतोच, तो आधी काढा, नाहीतर समोरून नुसतं बघत बसावं लागेल.)

जे डोळ्यांत राहिलं ते सांगते. बंदरावर घरं इतकी नेटकी रंगवलेली की चित्र वाटावं. पण एक गल्ली मागे गेलं की दोन घरांमध्ये अचानक मोकळी जागा. आत झुडपं, एखादी अर्धी भिंत, भिंतीत फडताळाचा कोनाडा तसाच. मी त्या कोनाड्यात हात घातला, आतला निळा गिलावा अजून होता. हॉटेलच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, काही बॉम्बने गेली, काही १९४४ च्या आगीत, काही नुसती म्हातारी होऊन पडली.

बंदराच्या टोकाला जुनी उस्मानी मशीद आहे, अठराव्या शतकातली, तिथे आता संग्रहालय आहे. संध्याकाळी टेबलाला लागून पाण्यात भलीमोठी कासवं येतात, अगदी हाताच्या अंतरावर. आणि कॉफी प्यायला बसलो तर आजूबाजूला सगळीकडे ऑस्ट्रेलियन इंग्रजी! एका आजोबांनी सांगितलं, सिडनीला जन्मलो, पण दर उन्हाळ्यात इथे येतो, आजोबांचं घर दुरुस्त केलंय.

डेस्पिना अख्लादिओती यांचा पुतळाही बंदरावर आहे. त्यांच्याबद्दल कुणी लिहा ना, मला तिथे पाटीवरून अर्धवटच कळलं.

स्वानकाठ
अनुराधाताई, तो कोनाडा आता माझ्याही डोळ्यांसमोरून जाणार नाही.

डेस्पिना अख्लादिओती, 'रोची बाई'. १९२७ मध्ये त्या आणि त्यांचे यजमान रो बेटावर राहायला गेले. रो म्हणजे कास्टेलोरिझोच्या पश्चिमेचं निर्मनुष्य बेट. थोड्या शेळ्या, कोंबड्या, भाजीचा वाफा. १९४० मध्ये यजमान आजारी पडले. बाईंनी मदतीसाठी आगी पेटवून इशारे केले, मच्छीमार आले, पण बोटीतच यजमानांचा जीव गेला. लोकांना वाटलं आता ही बाई गावात राहील. त्या आपल्या आंधळ्या आईला घेऊन रोला परत गेल्या. १९४३ पासून रोज सकाळी ग्रीक झेंडा चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा, हे त्यांनी १९८२ मध्ये मरेपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं केलं. सुरुवात केली तेव्हा बेटं ग्रीसची झालेलीसुद्धा नव्हती. त्यांना रोवरच पुरलं.

काहीजण याला राजकारणाचा रंग देतात. यायांना त्या गावात सामान घ्यायला यायच्या तेव्हाच्या आठवतात. त्या म्हणतात, बाई कमी बोलायची, काडेपेट्या जास्त घ्यायची.

कोकणचा_वारा
अनुराधाताईंचं वर्णन वाचून आमची वाडी आठवली. अर्धी घरं कुलूपबंद, गणपतीला उघडतात, दहा दिवस ओटीवर गर्दी, विसर्जन झालं की परत कुलूप. तिकडेही असा काही ठराविक दिवस असतो का, जेव्हा सगळे येतात?

स्वानकाठ
असतो! प्रेषित एलियासचा सण, २० जुलै. आदल्या दिवशी सगळं गाव, म्हातारी-कोतारी, पोरंटोरं, अंगावरच्या कपड्यांसकट बंदरात उड्या मारतात. याया ऐंशीच्या होत्या तेव्हा शेवटच्या गेल्या होत्या. नातवाने हात धरला आणि दोघंही झग्यासकट आणि शर्टासकट पाण्यात. तो फोटो त्यांच्या फ्रीजवर लावलाय.

मीनल_ठा
दुसऱ्या महायुद्धाचं राहिलं. याया तेव्हा लहान असतील ना?

स्वानकाठ
हो, पाच वर्षांच्या. लिहायला थोडा वेळ लागला, कारण आज संध्याकाळी त्यांच्याकडे बसूनच हे परत विचारून घेतलं.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ब्रिटिश कमांडो उतरले आणि दोन-तीन दिवसांत इटालियनांनी बेट परत घेतलं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि ब्रिटिश आले. मग जर्मन विमानांनी बेट भाजून काढलं. ब्रिटिशांनी लोकांना बोटीत बसवून आधी सायप्रसला आणि तिथून गाझाजवळच्या नुसैरातला तंबूंच्या छावणीत नेलं. यायांना तिथली वाळू आठवते. भाकरीत वाळू, केसांत वाळू, आई रोज रात्री फडक्याने त्यांचे पाय पुसायची. बेट रिकामं असताना जुलै १९४४ मध्ये इंधनसाठ्याला आग लागली आणि कितीतरी घरं जळाली.

युद्ध संपल्यावर लोक परत निघाले. २९ सप्टेंबर १९४५ ला पोर्ट सैदहून एम्पायर पॅट्रोल नावाचं जहाज सुमारे पाचशे कास्टेलोरिझोकरांना घेऊन सुटलं. त्याच दिवशी समुद्रात जहाजाला आग लागली. तेहेतीस जण गेले, घरी पोचायला थोडंसंच अंतर राहिलेलं असताना. याया त्या जहाजावर नव्हत्या, त्यांचा नंबर नंतरच्या जहाजात लागला. त्यांची मावशी होती. ती वाचली, पण पुन्हा कधी बोटीत बसली नाही, आणि बेटावर राहणाऱ्या बाईने बोटीत न बसणं म्हणजे काय हे तुम्हीच बघा.

परत आल्या तेव्हा घराला छप्पर नव्हतं. पाण्याची टाकी मात्र शाबूत होती. आईने पहिलं काय केलं असेल तर टाकीत बादली सोडली. आत पाणी होतं, दोन पावसाळ्यांचं.

१० फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसच्या तहाने ही बेटं ग्रीसला द्यायचं ठरलं, आणि ७ मार्च १९४८ ला ती रीतसर ग्रीसमध्ये आली. यायांनी झेंडा चढताना पाहिला, शाळेच्या मुलांनी गाणं म्हटलं. दोन वर्षांनी त्या पर्थला निघाल्या. बेटावर तेव्हा काही शे माणसं उरली होती. आजही साधारण पाचशेच आहेत.

जुनी_पानं
हे वाचून मी माझा आक्षेप मागे घेत नाही, पण तुमचा मुद्दा आता जास्त समजला.

अलीकडचं थोडं जोडतो. २३ एप्रिल २०१० ला ग्रीसचे पंतप्रधान जॉर्ज पापान्द्रेऊ यांनी युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडे मदत मागत असल्याची घोषणा केली, ती याच बंदरावर उभं राहून, मागे निळं पाणी आणि रंगीत घरं. ग्रीसमध्ये अजूनही बेटाचं नाव काढलं की अनेकांना कर्जाचा तो दिवस आठवतो. आणि समुद्राच्या हद्दीवरून ग्रीस-तुर्कस्तानचा जो वाद आहे, त्यात या नऊ चौरस किलोमीटरच्या बेटाभोवती किती समुद्र ग्रीसचा धरायचा हा मोठा प्रश्न आहे. २०२० च्या उन्हाळ्यात तुर्की संशोधन जहाज या भागात आलं तेव्हा दोन्ही नौदलं समोरासमोर आली होती.

अनुराधा७१
आणि तरी काशचे लोक बेटावर जेवायला येतात आणि बेटाचे लोक काशच्या बाजारात भाजी घ्यायला जातात, हे मी स्वतः पाहिलंय. आमच्या बोटीत परतताना एक ग्रीक बाई होत्या, दोन रिकाम्या पिशव्या घेऊन. म्हणाल्या, टोमॅटो समोरचेच चांगले.

स्वानकाठ
अनुराधाताई, हे मी यायांना वाचून दाखवलं. त्या हसायला लागल्या, म्हणाल्या, आमची आजीही हेच म्हणायची.

मीनल_ठा
एकच राहिलं. त्या पहिल्या दिवशी ताटलीत काय होतं?

स्वानकाठ
कातुमारी! बेटावरचं गोड. मैद्याची कणीक तेल लावून मुरवत ठेवायची, मग ओट्यावर इतकी पातळ ओढायची की खालच्या फरशीची नक्षी दिसते. त्यावर वितळलेलं लोणी, मग घड्या घालून गुंडाळायची, थापायची आणि तव्यावर मंद आचेवर भाजायची. उतरवली की हाताने तुकडे करायचे आणि वरून साखर, दालचिनी. आपल्या साखरेच्या पोळीची लांबची बहीण म्हणा. माझी बायको शिकतेय, कणीक अजून फाटते. याया म्हणतात, घाई करू नको, ती स्वतःहून सुटते.